मोबाईलमधला गल्ला सांभाळा

मंगळवेढे हे ज्वारीचे गाव. येथील काळ्या रानात पिकणाऱ्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण तिची कीर्ती त्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे. बहामनी अमदानीत येथील सरकारी कोठार सांभाळणाऱ्या दामाजीपंतांनी दुष्काळात ते कोठार उपाशी रयतेसाठी उघडले, ही कथा सोलापूर जिल्ह्यातील लहान मुलालाही ठाऊक असते. धान्याची राखण कशी करावी हे या गावाला कोणी शिकवावे लागत नाही. जुन्या वाड्यांत जमिनीखाली पेव असे. ज्वारी आत उतरवली की पेवाचे तोंड दगड-मातीने बंद करत आणि ते कुठे आहे हे घरच्या माणसांशिवाय कोणाला ठाऊक नसे.

आज याच गावातील दुकानदाराचा पैसा पेवात नाही, गल्ल्यातही फारसा नाही. तो त्याच्या खिशातल्या मोबाईलमध्ये आहे. बागवानाच्या हातगाडीवर, मणियाराच्या दुकानात, मटणाच्या दुकानापुढे, शिंप्याच्या मशिनीजवळ, गॅरेजच्या दारावर, सगळीकडे तो चौकोनी काळा-पांढरा कागद चिकटवलेला आहे. लोक त्याला ‘स्कॅनर’ म्हणतात. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआयची सुरुवात झाली. ऑगस्ट २०२५ या एकाच महिन्यात देशभरात यूपीआयवर दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. सुट्या पैशांची कटकट गेली, उधारी थोडी कमी झाली, सोलापूरच्या ठोक व्यापाऱ्याला पैसे द्यायला एसटीने जावे लागत नाही. या सोयीचा आम्ही इन्कार करत नाही. पण पेवाचे तोंड बंद करणारी ही माणसे मोबाईलमधले पेव मात्र उघडे टाकून बसली आहेत, असे आम्हाला वारंवार दिसते. म्हणून आजचा हा लेख.

एका गादी कारागिराची गोष्ट

आमच्या ओळखीचे एक गादी-रजई करणारे कारागीर आहेत. पिंजाऱ्याचा धंदा वाडवडिलांपासूनचा. त्यांचे नाव आम्ही देत नाही, कारण त्यांनी तशी विनंती केली आहे. आपली हकीकत मात्र इतरांच्या कामी यावी म्हणून त्यांनी ती आम्हाला मोकळेपणाने सांगितली.

थंडीच्या तोंडावर त्यांना एक फोन आला. पलीकडचा माणूस साफ हिंदीत, अदबीने बोलत होता. आपण लष्करात आहोत, सोलापुरात जवानांची राहण्याची सोय करायची आहे, चाळीस गाद्या हव्यात, असे त्याने सांगितले. भावात घासाघीस केली नाही. मोबाईलवर आपले ओळखपत्र आणि गणवेशातील फोटो पाठवला. आमच्या या मित्राने रात्रीचा दिवस करून कापूस आणला, कापड घेतले, मुलांना कामाला लावले. दोन दिवसांनी फोन आला की आगाऊ रक्कम आता पाठवतो, पण लष्कराची पद्धत वेगळी असते. आधी तुमचे खाते चालू आहे का ते पाहावे लागते. मी स्कॅनर पाठवतो, तो स्कॅन करून एक रुपया पाठवा, तुम्हाला दोन परत येतील. त्यांनी एक रुपया पाठवला आणि खरोखरच दोन रुपये परत आले. मग दुसरा स्कॅनर आला. त्यावर आगाऊ रकमेचा आकडा होता. ‘हा स्कॅन करून पिन टाका, लगेच पैसे जमा होतील,’ असे सांगण्यात आले. त्यांनी पिन टाकला. पैसे जमा झाले नाहीत, खात्यातून गेले. ‘चूक झाली, पुन्हा करा, दोन्ही परत येतील,’ असे तो माणूस म्हणाला, आणि घाबरलेल्या या भल्या माणसाने पुन्हा पिन टाकला. कापसाच्या व्यापाऱ्याला द्यायचे आणि मुलीच्या लग्नासाठी साठवलेले, असे दोन्ही पैसे दहा मिनिटांत गेले.

पुढची गोष्ट आम्हाला जास्त दुःखाची वाटते. त्यांनी आठ दिवस घरात कोणाला सांगितले नाही. लोक हसतील, मुले काय म्हणतील, जमातीत तोंड कसे दाखवू, या विचारात ते गप्प राहिले. जे पैसे पहिल्या तासात कुठल्यातरी खात्यात अडवता आले असते, ते आठ दिवसांत कुठल्या कुठे निघून गेले.

पैसे घ्यायला पिन लागत नाही

या हकिकतीतून एकच वाक्य वाचकांनी लक्षात ठेवले तरी आमचा लेख कामी आला असे आम्ही समजू. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी किंवा आपल्या खात्यातील शिल्लक पाहण्यासाठी. गिऱ्हाईक आपल्या दुकानात पैसे देते तेव्हा पिन कोण टाकते? गिऱ्हाईक टाकते, आपण नाही. हा रोजचा अनुभव आहे. तोच फोनवरच्या अनोळखी माणसाशी बोलताना आपण विसरतो.

त्याचप्रमाणे स्कॅनर स्कॅन करतो तो पैसे देणारा. घेणारा फक्त दाखवतो. ‘पैसे पाठवतो, हा स्कॅन करा’ असे कोणी म्हणाले की त्याच क्षणी फोन ठेवावा. पूर्वी एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवर पैशांची मागणी पाठवण्याची सोय होती आणि तिचा असाच गैरवापर होत असे. ती सोय भारतीय राष्ट्रीय भुगतान निगम, म्हणजे एनपीसीआय या संस्थेने ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. पण खोटा स्कॅनर पाठवून पिन टाकायला लावणे अजून कोणी बंद करू शकलेले नाही. ते आपणच बंद केले पाहिजे.

आणखी एक खूण सांगतो. खरे मोठे गिऱ्हाईक भाव पाडून मागते, माल पाहते, दोनदा विचार करते. जो माल न पाहता, भाव न करता, घाईघाईने मोठी मागणी नोंदवतो, त्याच्याकडे धंदेवाईक नजरेने पाहावे. समोरासमोर बसलेल्या गिऱ्हाइकाबाबत आपल्याला लगेच शंका आली असती. फोनवर ती का येऊ नये?

शिकले-सवरलेलेही फसतात

फसलेल्या माणसाला ‘अडाणी’ म्हणण्याची आपल्याकडे खोड आहे. ती सोडावी, म्हणून एक उदाहरण देतो. लुधियानाच्या वर्धमान समूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांचे नाव कापड आणि सुताच्या धंद्यात कोणाला माहीत नाही? ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांना चोरट्यांनी आपण केंद्रीय तपास यंत्रणेचे अधिकारी आहोत असे भासवले, मोबाईलच्या पडद्यावर त्यांच्यावर पाळत ठेवली, सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणीसुद्धा घडवून आणली आणि सात कोटी रुपये काढून घेतले. वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेला, आयुष्यभर व्यापार केलेला हा माणूस. त्यांनी मात्र गप्प न राहता पोलिसांकडे तक्रार केली, आणि पंजाब पोलिसांनी त्यातील सव्वापाच कोटी रुपये परत मिळवले.

या प्रकाराला ‘डिजिटल अटक’ म्हणतात. तुमच्या आधार क्रमांकावर पार्सल सापडले, त्यात अमली पदार्थ आहेत, तुमच्या खात्यातून दहशतवाद्यांना पैसे गेले, असे सांगून माणसाला घाबरवतात. आपल्या वाचकांनी येथे विशेष सावध असावे. एखाद्या साध्या मुसलमान कारागिराला फोनवर ‘दहशतवाद’ हा शब्द ऐकवला की त्याच्या हातापायातले बळ जाते, हे चोरट्यांना पक्के ठाऊक असते. म्हणून ठामपणे सांगतो. भारताच्या कोणत्याही कायद्यात फोनवर किंवा व्हिडिओवर अटक करण्याची तरतूद नाही. पोलीस, सीबीआय, कस्टम किंवा न्यायालय पैसे ‘तपासणीसाठी’ खात्यात भरायला सांगत नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’ कार्यक्रमात याबाबत देशाला सावध केले होते. असा फोन आला तर बंद करावा आणि मंगळवेढा पोलीस ठाण्यात जाऊन विचारावे. ठाणे गावातच आहे. खरे काही असेल तर तेथे कळेल.

नुकसानीचे प्रमाण किती मोठे आहे हे केंद्रीय गृह मंत्रालयाने लोकसभेत दिलेल्या आकड्यांवरून कळते. देशातील लोकांनी २०२३ मध्ये अशा ठकबाजीत ७,४६५ कोटी रुपये गमावले. २०२४ मध्ये हीच रक्कम २२,८४५ कोटींवर गेली, म्हणजे एका वर्षात तिप्पट झाली. त्यात बड्यांचे पैसे आहेत तसे पिंजाऱ्याचे आणि शिंप्याचेही आहेत.

दुकानातील स्कॅनर आणि खोटी पावती

जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील खजुराहो येथे एक वेगळाच प्रकार उघडकीस आला. चोरट्याने रात्रीतून अनेक दुकाने व एका पेट्रोल पंपाबाहेरील स्कॅनरवर आपला स्कॅनर चिकटवून टाकला. दुकानदार माल देत राहिले आणि पैसे चोरट्याच्या खात्यात जात राहिले. कुलूप तोडावे लागले नाही की गल्ल्याला हात लावावा लागला नाही.

हे आपल्याकडेही होऊ शकते. म्हणून दुकान उघडताना जसे आपण वजनकाटा तपासतो, तसा स्कॅनर तपासावा. स्वतःच्या किंवा मुलाच्या फोनवरून स्कॅन करून आपलेच नाव येते ना ते पाहावे. शक्य तर स्कॅनर दुकानाच्या आत, आपल्या नजरेसमोर ठेवावा. बाजाराच्या दिवशी गर्दीत गिऱ्हाईक पडद्यावरची हिरवी खूण दाखवून निघून जाते. हुबेहूब तशी खोटी खूण दाखवणारी बनावट अॅप निघाली आहेत. गिऱ्हाइकाच्या फोनवर काय दिसते याला काही अर्थ नाही, आपल्या खात्यात काय आले ते खरे. पैसे आल्याचे बोलून दाखवणारा साउंड बॉक्स ठेवावा किंवा आपले अॅप उघडून पाहावे. संध्याकाळी दुकान बंद करताना रोजमेळ घालतो, त्यात ऑनलाईन जमेचा रकाना जोडावा. ज्याचा रोजमेळ रोज जुळतो त्याला चोरी दुसऱ्या दिवशी कळते. ज्याचा जुळत नाही त्याला ती महिन्याने कळते.

माल मागवतानाही हीच सावधगिरी हवी. इंटरनेटवर शिलाई मशीन, लोखंडी पत्रा, कापडाचे तागे बाजारभावाच्या निम्म्या किमतीत दाखवतात आणि निम्मी रक्कम आगाऊ मागतात. अशा वेळी विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक मागावा. तो १५ अक्षर-अंकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्रासाठी २७. पुढची दहा चिन्हे म्हणजे पॅन. हा क्रमांक जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला की कोणाच्या नावावर, कुठल्या पत्त्यावर नोंद आहे ते कोणालाही पाहता येते. नाव जुळत नसेल, किंवा पैसे दुकानाच्या खात्याऐवजी कुणाच्या खासगी खात्यावर मागत असतील, तर तो व्यवहार सोडून द्यावा. स्वस्त माल नाही मिळाला तरी चालेल, घरचा पैसा तर जाणार नाही.

लग्नपत्रिकेच्या वेषात चोर

ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोली जिल्ह्यातील एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअॅपवर लग्नाचे आमंत्रण आले. त्याने ते उघडले आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. ती पत्रिका नव्हतीच. फोनमध्ये शिरणारी ‘एपीके’ नावाची फाईल होती. अशी फाईल फोनमध्ये बसली की आपल्याला येणारे ओटीपी चोरट्याला दिसतात आणि कधी कधी तो आपला फोनही चालवतो. कधी ती वाहतूक पोलिसांच्या दंडाच्या नावाने येते, कधी शेतकरी योजनेच्या, कधी बँकेच्या केवायसीच्या, कधी वीजबिलाच्या नावाने.

पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते. नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे दिसली तर ती कितीही जवळच्या माणसाकडून आलेली असो, उघडू नये, कारण आधी त्याचाच फोन चोरट्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो. त्याला फोन करून विचारावे. अॅप घ्यायचे तर प्ले स्टोअरवरूनच घ्यावे. बँकेचे संकेतस्थळ उघडताना त्याच्या नावाचा शेवट पाहावा. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांनी आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या नव्या नावाखाली न्यावीत, असा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला होता. त्याचा हेतूच खरे-खोटे ओळखता यावे हा आहे.

व्हॉट्सअॅपचा सहा अंकी कोड कोणालाही सांगू नये आणि त्यातील ‘टू स्टेप व्हेरिफिकेशन’ आजच चालू करून घ्यावे. दुकानातील मुलाला सांगितले तर दोन मिनिटांत होते.

कर्जाच्या आमिषाबद्दलही सांगितले पाहिजे. हातकाम करणाऱ्या कारागिरांसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. त्यात शिंपी, लोहार, गवंडी, न्हावी असे १८ व्यवसाय आहेत. योजना खरी आहे म्हणूनच तिच्या नावाने फसवणे सोपे जाते. ‘तुमचे कर्ज मंजूर झाले, प्रक्रिया शुल्क पाठवा’ असा फोन आला की समजावे, कर्ज नाही, चोर आहे. योजनेच्या नोंदणीला शुल्क नाही, आणि ती सामायिक सेवा केंद्रात समोरासमोर होते. हज आणि उमराहच्या बाबतीतही हेच. फोनवरच्या जाहिरातीत निम्म्या दराची सहल पाहून आयुष्यभराची साठवण पाठवणारे लोक आहेत. हज समितीचे अर्ज समितीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर व ‘हज सुविधा’ अॅपवर भरले जातात. खासगी कंपनीमार्फत जायचे तर तिचे कार्यालय पाहून, आधी गेलेल्यांना विचारून, पावती घेऊनच पैसे द्यावेत.

खाते भाड्याने देऊ नका

आता ज्या गोष्टीची आम्हाला सर्वांत अधिक धास्ती वाटते तिच्याकडे वळतो. चोरट्याला चोरलेला पैसा ठेवायला खाते लागते. स्वतःच्या नावाचे खाते तो वापरत नाही. तो बेरोजगार पोरांना गाठतो. ‘तुझे खाते, एटीएम कार्ड आणि सिम दे, महिन्याला इतके देतो, तुला काही करायचे नाही,’ असे सांगतो. पोराला वाटते, यात माझे काय जाते? पण पोलीस येतात ते ज्याच्या नावावर खाते आहे त्याच्या दारात.

पुण्यातील कॉसमॉस बँकेचे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी या बँकेच्या यंत्रणेत शिरून सुमारे ९४ कोटी रुपये पळवण्यात आले. २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. भारतात कोल्हापूरसारख्या शहरांतही खोट्या कार्डांनी पैसे काढण्यात आले. आखणी करणारे बडे लोक परदेशात राहिले. येथे पकडले गेले ते कमिशनसाठी एटीएमपुढे उभे राहिलेले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. चार दिवसांच्या कमिशनसाठी आयुष्याला डाग लागला. अशा पैशात बरकत कुठून येणार? आणि हलाल कमाईवर वाढवलेल्या आई-बापांनी कोणाकडे पाहायचे?

परदेशी नोकरीच्या नावाने हेच जाळे आणखी दूर नेते. थायलंडमध्ये संगणकाचे काम, मोठा पगार, असे सांगून आपल्या देशातील तरुणांना म्यानमारच्या सीमेवर नेण्यात आले आणि तेथे डांबून लोकांना फसवण्याचे काम करायला लावले. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने हवाई दलाच्या विमानांनी अशा ५४९ जणांना परत आणले. आखातात मुले पाठवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. तेथे जाणाऱ्याचा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, हे आधी पाहावे.

खाते न देणाऱ्या सरळ दुकानदारालाही या प्रकाराची झळ बसते. चोरीचा पैसा एखाद्याने आपल्या दुकानात खर्च केला, की तपासात त्या पैशाचा माग काढत पोलीस आपल्या खात्यापर्यंत येतात आणि दूरच्या राज्यातील पोलीस ठाण्याच्या पत्रावरून आपले खाते गोठते. मालाचे बिल असेल तर आपली बाजू मांडता येते. बिल नसेल तर पाचशे रुपयांच्या विक्रीसाठी महिनोन्महिने खेटे घालावे लागतात. म्हणून मोठी विक्री असली तर बिल करावे, गिऱ्हाइकाचे नाव-नंबर लिहून ठेवावे. अनोळखी माणसाने चुकून पैसे पाठवले असे सांगून ते दुसऱ्याच नंबरवर परत मागितले, तर तसे पाठवू नयेत. बँकेत जाऊन कळवावे, ती आल्या वाटेने परत पाठवील. आणि धंद्याचे खाते व घरबचतीचे खाते वेगळे असावे. स्कॅनर ज्या खात्याला जोडला आहे त्यात फार रक्कम साठू देऊ नये. एक खाते अडले तरी चूल पेटती राहील.

दामाजीपंतांच्या कथेतही बिदरच्या बादशहाला धान्याचे पैसे भरल्याची पावती घेतल्याचा उल्लेख लोक आवर्जून करतात. या गावात पावतीचे मोल एवढे जुने आहे.

अंगठा, आधार आणि सिम

आपल्या भागात अनेक बायाबापड्या अंगठा लावून आधारवरून पैसे काढतात. अंगठा कोठे, किती वेळा आणि कशासाठी लावतो याकडे लक्ष असावे. ‘नीट उमटला नाही, पुन्हा लावा’ असे दोन-तीनदा म्हटले तर पावती मागून घ्यावी. ज्यांना अशी गरज नाही त्यांनी आधार प्राधिकरणाच्या अॅपवर आपले बोटांचे ठसे ‘लॉक’ करून ठेवावेत. गरज पडली की ते पुन्हा उघडता येतात.

आपल्या नावावर किती सिम आहेत हे केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पाहता येते. मे २०२३ पासून ही सोय सर्वांना खुली आहे. आपण घेतले नाही असे सिम दिसले तर तेथेच तक्रार करून ते बंद करता येते. आधारची झेरॉक्स कोणाला द्यावी लागली तर तिच्यावर तारीख आणि कारण लिहून सही करावी.

फसवणूक झालीच तर

पहिले काम, १९३० या क्रमांकावर फोन करणे. एक-नऊ-तीन-शून्य. हा क्रमांक दुकानाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. तक्रार नोंदली की पैसा ज्या खात्यात गेला त्या बँकेला सूचना जाते आणि तो तेथेच अडवण्याचा प्रयत्न होतो. ही व्यवस्था २०२१ मध्ये सुरू झाली. २०२५ च्या मध्यापर्यंत तिच्यामुळे ५,४८९ कोटींहून अधिक रक्कम चोरट्यांच्या हाती पडण्यापासून वाचली. पहिला तास सर्वांत मोलाचा. चोरटा पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात फिरवतो, म्हणून जितका उशीर तितकी आशा कमी.

दुसरे काम, आपल्या बँकेला लगेच कळवून खाते व कार्ड बंद करून घेणे आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घेणे. तिसरे काम, ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या सरकारी संकेतस्थळावर किंवा पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देणे. आलेले संदेश, फोनचा नंबर, स्कॅनरचे चित्र, व्यवहार क्रमांक काहीही पुसून टाकू नये. तोच पुरावा आहे.

ग्राहकाच्या हक्काबाबत रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात एक तत्त्व घालून दिले. चूक ग्राहकाची नसेल आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर नुकसान त्याच्यावर पडू नये. पण पिन किंवा ओटीपी आपणच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले. दोन्ही बाबतीत लवकर कळवण्यातच फायदा आहे. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, आणि त्याला पैसे लागत नाहीत. ‘गेलेले पैसे मिळवून देतो, आधी शुल्क भरा’ म्हणणारा वकील किंवा अधिकारी भेटला तर तो त्याच टोळीचा दुसरा भाऊ समजावा.

एकट्याचे काम नाही

शेवटी आमच्या गादी कारागीर मित्राकडे परत येतो. ते आठ दिवस गप्प का राहिले? कारण फसणे ही लाजेची गोष्ट आहे असे आपण सर्वांनी मिळून ठरवून टाकले आहे. ज्याच्या घरी चोरी होते त्याला आपण हसत नाही, त्याच्या दारात जाऊन बसतो. येथेही तसेच व्हायला हवे.

आमची काही साधी सूचना आहे. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या आवारात महिन्यातून एकदा पाच मिनिटे या विषयाला द्यावीत. त्या महिन्यात कोणाला कसला फोन आला ते सांगावे. व्यापारी संघटनेने पोलीस ठाण्यातील अधिकाऱ्यांना बोलावून दुकानदारांची बैठक घ्यावी. प्रत्येक गल्लीतील एक-दोन शिकलेली मुले-मुली नेमून द्यावीत, ज्यांना कोणीही चाचा, कोणतीही खाला रात्री-अपरात्रीही विचारू शकेल, ‘बेटा, हा फोन खरा की खोटा?’ आणि घराघरात एक नियम असावा. एका ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त पैसे अनोळखी ठिकाणी पाठवण्याआधी घरातील दुसऱ्या माणसाला विचारायचे. चोरट्याचा सगळा धंदा माणसाला एकटे पाडण्यावर आणि घाई करण्यावर चालतो. दोघे मिळून दहा मिनिटे थांबले तरी त्याचा डाव मोडतो.

आमच्या त्या मित्राने नंतर तक्रार दिली. फार थोडे हाती लागले. कापसाच्या व्यापाऱ्याने मुदत वाढवून दिली आणि लग्न सहा महिने पुढे गेले. पण त्यांनी एक गोष्ट केली आहे. दुकानात जेथे पूर्वी फक्त भावफलक होता, तेथे आता एक पाटी आहे, त्यांच्या मुलीने स्वच्छ अक्षरात लिहिलेली, ‘पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसलात तर १९३०.’ येणारे-जाणारे ती वाचतात, विचारतात, आणि ते प्रत्येकाला आपली हकीकत सांगतात. आता त्यांना त्याची लाज वाटत नाही. आमच्या प्रत्येक वाचकाने आपल्या दुकानात अशी एक पाटी लावावी, एवढेच आमचे सांगणे आहे.